झाडाखालचं बाजलं

किसनभाऊंनी पहिल्याच भेटीत मला गप्प केलं. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मी पिंपरी पेंढारचा, सपाटीवरचा माणूस. घाटघरकडच्या एका वाडीच्या शाळेत नवा गुरुजी. ऐनाच्या झाडाखाली बाजल्यावर एक माणूस उताणा पडलेला दिसला. मी तोंडभरून राम राम घालणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि वर बघायची खूण केली. वर त्यांची बायको ठकूबाई कोयत्याने फांद्या छाटत होती.

भाताची रोपं टाकण्याआधी तिकडे जमीन भाजतात, त्यासाठी झाडांच्या फांद्या लागतात. ती छाटणी करावी तर किसनभाऊंनी. शेंड्याला कधी कोयता लावला नाही. "शेंडा तोडला का झाड रुसतं," म्हणायचे. एकदा ते वर असताना खालून कुणा पाहुण्याने राम राम घातला. एका हाताने राम राम करणं या भल्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. त्याने कोयता कमरेला अडकवला, दोन्ही हात जोडले आणि खाली आला. कणा मोडला. जुन्नर झालं, पुणं झालं. पाय गेले ते गेलेच.

पुढच्या हंगामात कोयता ठकूबाईंनी घेतला. बाईमाणसाने झाडावर चढावं का, यावर वाडी बरंच पुटपुटली. किसनभाऊ एवढंच म्हणाले, मला बाजल्यासकट झाडाखाली न्या. कुठली फांदी पोकळ, कुठे पाय द्यायचा, हे ते तिला आधी सांगत. ती वर गेली की चकार शब्द नाही.

"वर गेलेल्याला हाक मारायची न्हाई, गुरुजी. हाकंला मान वळती, आन् मान वळली का हात सुटतो."

येणाऱ्याजाणाऱ्याला ते असेच गप्प करत. सरपंचांनाही केलं. मला हसू यायचं आणि त्यांच्यापुढे मान लवायचीही.

एका माघात मी बाजल्याशेजारी बसलो होतो. अचानक ते घामाने डबडबले, हात छातीवर गेला. मी ठकूबाईंना हाक मारायला उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मदत आणायला धावावं, तर पकड सुटेना.

"उतरू द्या तिला," ते कुजबुजले.

ती आपली निवांत छाटत होती. त्यांचे ओठ निळे पडले, पण तोंडातून कण्हणंसुद्धा बाहेर पडलं नाही. माणूस मरणालाही थांबायला लावतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी ती खोडाच्या पलीकडून खाली उतरली. त्यांना आता दिसत नसावं.

"पाय टेकलं का तिचं?"

"टेकले," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि सारा जीव एकवटून हाक मारली, "ठकू."

ती धावत आली. तोवर किसनभाऊ गेले होते.