आक्काताई लेकाकडं गेल्या

कोडोली सोडली त्या दिवशी गल्लीतल्या तुम्ही सगळ्या बाया माझ्या दारात उभ्या होतात. कुणी भाकरी बांधून दिली, कुणी भुईमुगाच्या शेंगा. महेशनं गाडी सुरूच ठेवली होती. "आई, तिथं सगळं मिळतं. हे कशाला?" तो म्हणाला. रखमावहिनी त्याला म्हणाल्या, "मिळंल की. पर आमच्या हातचं मिळतंय व्हय?" त्यानं हसून डिकी लावली. लग्न होऊन माहेरातून निघाले तेव्हा वडील म्हणाले होते, "पोरी, मागं वळून बघू नगंस." या वेळी मी बघितलं. पण एसी लावलेला, काचा बंद. तुमचं बोलणं ऐकू आलं नाही, नुसते हात दिसले.

मी न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि एकटीनं राहायचं नाही असं महेशनं ठरवलं. पुण्यातला त्याचा फ्लॅट लहान, दोघंही नोकरीला. मग कोल्हापूरच्या बाहेरचं हे ठिकाण त्यानं शोधलं. याला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'सिनियर लिव्हिंग' म्हणायचं. उगाच नावं ठेवत नाही. न्हाणीत धरायला दांडे आहेत, खाटेशेजारी बेल आहे, दाबली की नर्स येते. डॉक्टर येतात, व्यायाम करून घ्यायला मुली येतात. मी हात वर केला की त्या टाळ्या वाजवतात, "व्हेरी गुड आजी!" सगळा जन्म शाळेत मी पोरांना अशीच शाबासकी दिली. आता कळतं, पाटीवर काही न येणाऱ्या पोरालाच ती जास्त द्यायची असते.

इथं मला पहिल्यांदा माणसासारखी हाक मारली ती शिरोळच्या आक्काताईंनी. शेजारचीच खोली. डायनिंग हॉलमध्ये पहिल्याच दिवशी आमटीत चमचा फिरवत त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "ओ बाई, ही आमटी हाय व्हय? रंग लावल्यालं पाणी हाय की!" सगळे बघायला लागले. मॅनेजर मॅडम लगबगीनं आल्या, "आक्काताई, हळू बोला ना." आक्काताई तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "हळूच बोलालोय की!"

कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांच्या मुलानं, संजयनं, त्यांना इथं आणून सोडलं होतं. तो कोल्हापुरातच राहतो. "पानी उतरलं की न्हेतो म्हनलाय पोरगा," त्या सांगायच्या. पाणी उतरलं, भिंतींना रंग झाला, घर भाड्यानं दिलं. तरी त्या तसंच सांगत राहिल्या आणि मी दर वेळी नव्यानं ऐकत राहिले. कपाटात कपड्यांच्या मागं त्यांनी कांदा-लसणाच्या चटणीची बरणी लपवली होती. दुपारी दार लावून आम्ही दोघी चटणीशी चपाती खायचो आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत हसायचो.

एका सकाळी नाश्त्याला त्या आल्या नाहीत. खोलीला कुलूप होतं. मी मॅडमना विचारलं. "लेकाकडे गेल्या आजी. मुलगा येऊन घेऊन गेला," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला! मनात कुठं तरी जळलंही. आपल्याला न सांगता गेल्या याचा रागही आला. पण हॉलमध्ये मीच सगळ्यांना सांगत सुटले, "आक्काताईंना लेकानं नेलं!" त्या दिवशी संध्याकाळी मी महेशला फोन करून म्हटलं, "बघ, लोक नेतात." तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे."

दोन-अडीच आठवडे गेले. शेजारच्या खोलीत खुडबुड ऐकू आली म्हणून मी हौसेनं गेले. आक्काताई नव्हत्या. संजय लुगडी पिशवीत भरत होता आणि त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"काकू, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?"

मी दाराची चौकट धरली. तो खाली बघत बोलत राहिला. पहाटे छातीत दुखलं. डॉक्टर येईपर्यंत संपलं. इथल्या लोकांनी मागच्या गेटनं गाडी काढली. "बाकीच्यांना तरास नको म्हणाले. मीबी हो म्हणालो."

"शिरोळला नेलं ना?"

"न्हाई काकू. हितंच उरकलं."

उरकलं. भांडी घासून उरकतात, तसं.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, तुमच्या भल्यासाठीच असतं हे. इथलं वातावरण पॉझिटिव्ह ठेवावं लागतं." दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी वर्गात उभी राहायचे तशी उभी राहिले आणि म्हणाले, "आक्काताई लेकाकडे गेलेल्या नाहीत. त्या वारल्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं, कारण मला खोटं सांगितलं होतं."

चमचे थांबले. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून, वॉकरला धरून बसलेल्या जोशीकाकांनी विचारलं, "मग आपले पाटील? ते बंगलोरला गेले ना मुलीकडे?" "आणि सुमनताई?" कुणी तरी विचारलं. "त्या नाशिकला भावाकडे गेल्या असं तुम्हीच म्हणाला होतात." मग चारी बाजूंनी नावं यायला लागली. गेलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथं होतं, आणि प्रत्येकाला ते माणूस कुठं तरी सुखात आहे असं वाटत होतं. मॅडमनी एकाही नावाला उत्तर दिलं नाही. एक बाई हुंदका देऊन रडायला लागल्या तशी नर्स त्यांचं बीपी बघायला धावली.

रात्री महेशचा फोन आला. "आई, तू तिथं गोंधळ घातलास म्हणे. त्यांनी काढलं तर तुला दुसरीकडं कोण घेणार?" आक्काताई कोण, हे त्यानं विचारलं नाही.

आता इथं कुणी गेलं की लॉबीत फोटो ठेवतात, हार घालतात. एवढं आम्ही मिळवलं. रविवारी नवीन लोक जागा बघायला येतात, त्याआधी फोटो उचलतात.

गाव सोडून माझ्यासारखंच कुठं कुठं जाऊन पडलेल्यांनो, तुम्हाला सुखाच्या खोल्या मिळाल्या असतील तर चांगलंच आहे. मला घर म्हणजे कोडोलीची गल्लीच आठवते, ती अंगणासाठी नव्हे, चुलीसाठीही नव्हे. तिथं माणूस मेलं की मेलं म्हणतात, म्हणून. हंबरडा ऐकू येतो, शेजारची हातातलं टाकून धावते, लहान पोरालाही कळतं कोण गेलं ते. तेवढ्याला मी घर म्हणते, आणि तेवढं इथं मिळत नाही.

रखमावहिनी, गल्लीतल्या बायांनो, एवढं करा. उद्या माझा फोन लागला नाही, आणि कुणी म्हणालं की बाई पुण्याला लेकाकडं गेल्या, तर खरं मानू नका. मोठ्यांदा रडा.