अमोलच्या नावाने लिहिणारी मुलगी

सोमवारी पेठ गावच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभा होतो. "सर, ओळखलं का?" कडेवर बाळ, डोक्यावर पदर... सुरेखा! आधी आनंद झाला आणि लगेच मान खाली गेली.

दोन वर्षांपूर्वी मी घोडेगावला बारावी सायन्सला केमिस्ट्री शिकवत होतो. पोरं दिवसभर नेटवर एकाच साईटवर पडीक, एकमेकांना स्क्रॅप म्हणजे मेसेज टाकत. म्हटलं, चला, त्याच साईटवर शंकांची कम्युनिटी काढू... पोरांनीच विचारायचं, पोरांनीच उत्तरं द्यायची. स्टाफरूम हसली. मी कुणाचं ऐकतोय!

आणि चाललं हो ते! सगळ्यात भारी उत्तरं यायची अमोल नावाच्या अकाउंटवरून. ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन तो अशा सोप्या करून सांगायचा, की मीही वर्गात तसंच सांगायला लागलो.

पण वर्गात अमोल नव्हताच. चौकशी केली तर हा गडी आयटीआयला, बेन्झीन खातात की पितात हेही त्याला ठाऊक नाही. मागच्या बाकावरची, तोंडातून शब्द न काढणारी सुरेखा ही त्याची बहीण. आमच्याकडे मुली नेटवर स्वतःचं नाव टाकत नसत. दर रविवारी भाऊ तिला शिनोलीहून घोडेगावच्या सायबर कॅफेत आणायचा, स्वतःचं अकाउंट उघडून द्यायचा आणि बाहेर थांबायचा.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याच संध्याकाळी कम्युनिटीवर टाकलं... 'अमोल म्हणजे आपली सुरेखा! हिच्याकडून शिका.' तिला विचारलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आठवड्याभरात त्या अकाउंटवर पोरांचे नको नको ते स्क्रॅप आले. कुणीतरी त्यांचे प्रिंट काढून थेट तिच्या चुलत्यांच्या, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाच्या, हातात दिले. सुरेखाचं कॉलेज बंद झालं. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

मी भांडायच्या तयारीने तिच्या घरी गेलो. चुलत्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "सर, पोरगी भावाच्या नावानं शिकत व्हती, आमाला समदं म्हाईत व्हतं. कुणी अडवलं का तिला? तुमी तिचं नाव चारचौघात कशाला टाकलं?"

तिचं हॉल तिकीट कॉलेजातच पडून राहिलं. वैशाखात लग्न लागलं. त्या पोरांचा राग आला, घरच्यांचा आला... पण सुरुवात मी केली होती, हे कुठे जाणार?

परवा, सोमवारी, स्टॉपवर मी माफी मागायला लागलो तर तिने ऐकूनच घेतलं नाही. "सर, रिपीटरचा फॉर्म तुमच्याच कॉलेजातून भरावा लागतो ना? आमच्या यांना सांगितलंय, बाकी कुणाला नाय. पण आता काईच आठवत नाय हो... लई भीती वाटती."

एसटी आली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी विचारलं, "सुरेखा, हे सगळं लिहिलं तर चालेल?" तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "लिवा. दुसऱ्या कुण्या सरांना उपयोग व्हईल. पण नाव माझं नको."

तेव्हा वरची नावं बदललेली आहेत, गावंही. काल फॉर्म मी स्वतः ऑफिसात नेऊन दिला. तिचं खरं नाव तेवढं त्यावर आहे.