गणंग बी

तिकडच्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी परदेशात मुलाकडे, निशी-कसाईला राहायला आले. दाराशी टॉर्चची आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अजून भरलेली असायची. सून विद्यापीठात झाडांवर संशोधन करते. तिच्या सरांनी निवृत्त होताना तिला वाळवंटातल्या एका रानफुलाच्या चार बिया दिल्या होत्या. झाड वाटाण्याच्या कुळातलं, वरून वाळतं आणि मुळापासून पुन्हा फुटतं, असं तिने मला समजावलं. बाल्कनीतल्या कुंडीत एकच बी उगवली. कामाला जाताना ती रोज वाकून तिला बघायची.

घरात तुळस नव्हती. आंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी कुठे घालायचं? मी त्या कुंडीत घालत राहिले. आठ दिवसांत रोप देठाशी काळं पडून आडवं झालं.

ऊन कमी पडलं म्हणून सून स्वतःलाच दोष देऊ लागली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी कणीक मळताना, तिच्याकडे न बघता, सांगून टाकलं.

मुलगा म्हणाला, "आईने वाळवंटात विहीर खणली."

सून हसली नाही, रागावलीही नाही. याला पाणी अगदी कमी लागतं हे मीच आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच, म्हणाली आणि कुंडी उपसायला बसली.

मातीत उरलेल्या तीन बिया सापडल्या. एवढ्या पाण्यातही खड्यासारख्या टणक. वाल भिजवले की दोन-चार दाणे असेच राहतात, गणंग. ते मी वेचून टाकते. या टाकवेनात.

"अगं, पाणी आत शिरतच नाहीये. जरा घासून बघू?"

तिने बिया पुसून माझ्यापुढे ठेवल्या. प्रयोगशाळेत अशा बिया घासूनच लावतात, पण या चारच, म्हणून तिचा हात धजावला नव्हता. "तुम्हीच घासा, आई," म्हणाली.

चिनी मातीच्या वाटीच्या खरखरीत बुडावर मी एकेक बी हलकेच घासली. भिजत घातल्यावर दोन फुगल्या, वाळूत लावल्यावर दोन्ही उगवल्या. पावसात कुंडी आत घ्यायचं काम माझं. हिवाळ्यात सगळं वाळलं, तरी मी हात लावला नाही. वसंतात मुळातून कोंब आले, मग नखाएवढी जांभळी फुलं. घोटभर पाण्यावर एवढा रंग!

अजून आंघोळीनंतर तांब्या घेऊन मी तिथवर जाते. फुलांना नमस्कार करते आणि पाणी शेजारच्या पुदिन्याला घालते.