अक्काचं एक वाक्य

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या दवाखान्यात रेवतीच्या उशाशी बसलो होतो. रेवती माझी एकुलती एक मुलगी. कॉलेजात शिकते आणि जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार घेऊन जगते. दुखणं उठलं की हाडं आतून पिळवटतात. मग सलाईन, रक्त, आणि आमचं नुसतं बघत बसणं... फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "मंग आते आपले कोन समजाडी?" रडू नंतर आलं. आता समजावून सांगणारं कुणी उरलं नाही, याची आधी भीतीच वाटली.

अक्का माझी थोरली बहीण, एरंडोलजवळच्या खेड्यातली निवृत्त शिक्षिका. जळगावच्या एका दवाखान्याने तिला एथिक्स कमिटीवर घेतलं होतं. माणसांवर नवा उपचार करून पाहायचा तर या कमिटीची परवानगी लागते, आणि तिथे डॉक्टर-वकिलांबरोबर एक साधा माणूसही लागतो. आम्ही तिला 'चहा-बिस्किटांची मेंबर' म्हणून चिडवायचो. ती मात्र रीतसर विचारून रुग्णांसाठीचा माहितीचा कागद गावात आणायची आणि भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजत बसलेल्या बायकांना अहिराणीत सांगायची. मग कागद पालथा घालून वर हात ठेवायची. कुणी लगेच मान डोलावली की तिला काळजी वाटे. "'समजनं' नको सांगू," ती म्हणायची, "मी काय सांगं, ते तू माले सांग."

मागच्या वर्षी सिकलसेलवरचाच प्रयोग आला. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्या जनुकात बदल करायचा, जहाल औषधाने हाडांतला मगज रिकामा करायचा आणि त्या पेशी परत सोडायच्या. हा बदल पुढच्या पिढीत जाणार नाही, तशा बदलाला मनाईच आहे, हे अक्का खोदून खोदून विचारून आली होती. पण औषधाने पुढे मूल न होण्याचा धोका होता, आणि वीस वर्षांनी काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. कागदात मात्र नेहमीचं वाक्य होतं, की तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता. ते ऐकून वांगी सोलता सोलता शेजारची जिजा म्हणाली, "नको म्हणता येस हाई खरं शे. पन आंगमा एकदाव गयं, ते मांगे कसं लेवानं?"

त्या दिवशी अक्का जेवली नाही. बैठकीत तिने सांगितलं, भाची आजारी आहे म्हणून मी मत देणार नाही. पण हा प्रश्न मांडून उठते. ती बाहेर बाकावर बसून राहिली. पुढे कागदात एक वाक्य वाढलं: तपासण्यांना येणं तुम्ही थांबवू शकाल, पण शरीरात झालेला बदल काढून घेता येणार नाही. महिन्याभरात झोपेतच तिचं हृदय थांबलं.

गेल्या आठवड्यात तो कागद आमच्याच घरी आला. रेवती प्रयोगाच्या निकषांत बसते. नाही म्हणावं तर पुढचं कोणतं दुखणं शेवटचं ठरेल, या भीतीने जीव जातो. हो म्हणावं तर... तिने सगळा कागद मोठ्याने वाचला, पालथा घातला आणि म्हणाली, "बाबा, 'समजनं' नका सांगू. मी काय वाचं, ते तुम्ही माले सांगा."

मी सांगत गेलो. पेशी, औषध, दवाखान्यातले महिने. अक्काच्या वाक्यापाशी आलो. ते मला पाठ आहे, तरी तोंडातून निघेना. पालथ्या कागदावर हात ठेवून रेवती थांबली होती. अक्का थांबायची, तशीच.