गतिरोधकावर राहिलेली अक्का

माझी सख्खी थोरली बहीण मी एका गतिरोधकावर विसरलो.

याला कारण नवी गाडी. आमचे चिरंजीव जर्मनीत असतात. त्यांनी एक लांबलचक, काळीभोर, वाऱ्यासारखी पळणारी परदेशी गाडी कुंडलला माझ्या दारात आणून उभी केली (आणि चौथ्या दिवशी विमानात बसले). मग फोनवर हुकूम सुटला, "बाबा, पहिले दोन हजार किलोमीटर इंजिन ताणायचं नाही. पण रोज चालवा!"

मी सैन्यात ट्रक चालवलेला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. रोज सकाळी विट्याला जायचं आणि माघारी यायचं. एकट्यानंच. सुलभा, माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली. तरी गाडीत मी तिच्याशी बोलत असे. दुसरं कोण बसणार? माझा नियमच तसा होता: चपला डिकीत ठेवून बसायचं! सीटवरचं प्लास्टिकही मी काढलं नव्हतं. शेजारचा तुकाराम एकदाच बसला. "गड्या, देवळात बसल्यागत वाटतंय," म्हणाला, तो पुन्हा फिरकला नाही.

घर खायला उठायचं. शेवटी अक्काला आणायला दहिवडीला गेलो.

"येती. पन करमलं तरच ऱ्हाती," अक्का म्हणाली. "न्हाईतर उद्याच माघारी सोडायचं."

ती राहावी म्हणून मी आठवडाभर घर झाडत होतो!

पुढं एसीच्या गार हवेनं गुडघे धरतात म्हणून अक्का मागं बसली. गाडी जमिनीला टेकलेली, गतिरोधकावर पोट घासायचं. त्यावर माझा उपाय: वजन कमी करायचं!

"अक्का, जरा उतर."

अक्का अनवाणी उतरायची, मी गाडी तिरकी करून पलीकडं न्यायचो, अक्का चालत येऊन बसायची. असे चार गतिरोधक झाले.

"ह्यापरीस एस्टी बरी रं! ती निदान बसू तरी देती!"

मायणी सोडल्यावर पाचवा आला. या वेळी गाडी कुठंही न घासता इतकी अलगद उतरली, की त्या आनंदात मी तसाच पुढं निघालो! मन मोकळं झालं होतं. सुलभाचं आजारपण, पोराचे दोन मिनिटांचे फोन, एकट्याची आमटी-भाकरी, सगळं अक्काला सांगितलं. अक्का मध्ये एक शब्द बोलली नाही. किती समजूतदार बहीण!

"अक्का, च्या घ्यायचा का?" विट्यात विचारलं. उत्तर नाही. वळून पाहिलं, तर प्लास्टिकवर तिची पिशवी, आणि पिशवीत तिचा मोबाईल! पट्टा लावला नाही तर बोंबलणारी, दार नीट लागलं नाही तर बोंबलणारी ती गाडी, बहीण मागं राहिली तरी गप्प!

मग मात्र इंजिन असं ताणलं, की जर्मनीत ऐकू गेलं असेल.

अक्का बाभळीच्या सावलीत एका मेंढकीण बाईबरोबर शेंगा खात बसली होती.

"आलास? आदी चपल्या दे. आन दहिवडीला सोड मला."

"चुकलं, अक्का. विट्यापतोर तुझ्यासंगंच बोलत हुतो."

"आरं, मागनं कोण बोलत न्हाई, एवढं बी कळलं न्हाई व्हय?"

"दोन वर्सं घरात कोण उत्तरच देत न्हाई गं. मला त्यात येगळं काय वाटलंच न्हाई."

मी डिकीतून अक्काच्या चपला काढून पुढं ठेवल्या. तिनं त्या घातल्या, पुढचं दार उघडलं, सीटवरचं प्लास्टिक टर्रकन फाडलं आणि धुळीच्या चपलांसकट आत बसली.

"चल कुंडलला. आन मगाचं समदं पैल्यापास्नं सांग."

याला तीन महिने झाले. अक्का आहे. गतिरोधकावर अजूनही उतरते, पण आता गाडीची किल्ली कमरेला खोचून उतरते (गाडी बटणावर चालू होते, किल्ली नुसती आत असावी लागते). किल्ली मागं राहिली, की गाडी अशी ठणाणा करते, की सगळा रस्ता वळून बघतो. माझ्यापेक्षा गाडी बरी. तिला निदान किल्लीची तरी आठवण राहते!