डिंकबाईंच्या चिठ्ठ्या

वाचनालयाच्या मागच्या खोलीत डिंकबाई बसत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते कोणी वापरत नसे. फाटकी पुस्तकं शिवायची, सुटलेले पुठ्ठे चिकटवायचे आणि वजनाखाली वाळत ठेवायचे, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. बोटांना कायम डिंक, म्हणून डिंकबाई. त्यांना ते नाव आवडत असावं, निदान त्यापायी त्यांनी अजून कोणाचं डोकं फोडलं नव्हतं.

एक पुस्तक वाळेपर्यंत दुसरं वाचून होई. सर्वांत जास्त फाटायची ती खुनाची, भुतांची आणि हेरांची पुस्तकं. थोरामोठ्यांची चरित्रं कोरी करकरीत राहायची. तेव्हा बाईंचं वाचन कोणत्या वाटेनं गेलं असेल हे वेगळं सांगायला नको. आणि वाचलं की त्यांना गप्प बसवत नसे. शिवून झालेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून त्या एक चिठ्ठी चिकटवत आणि तिच्यावर आपलं मत लिहीत.

‘भूत चांगलं आहे, माणसं कंटाळवाणी. भुताच्या बाजूनं वाचावं.’

‘हेर तीन देश पालथे घालतो आणि एकदाही जेवत नाही. असल्या माणसावर विश्वास कोण ठेवेल?’

‘दुसऱ्या ग्रहावरसुद्धा स्वयंपाक बायकाच करतात. मग एवढ्या लांब कशाला गेलात?’

‘खुनी चाळिसाव्या पानावर कळला. उरलेली दोनशे पानं, लेखकाला कधी कळतोय याची वाट पाहिली.’

ग्रंथपालांनी सुरुवातीला नाक मुरडलं. पण लोक पुस्तक हातात घेतलं की आधी मागचा पुठ्ठा उघडू लागले, तेव्हा त्यांनीही डोळेझाक केली. बाईंची खासियत म्हणजे खुनातल्या चुका. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका कादंबरीत पुतण्या काकाला जिन्यावरून ढकलतो आणि शर्टाच्या तुटलेल्या बटणामुळे पकडला जातो. त्यावर बाईंनी लिहिलं होतं, ‘ढकलायला गेलाच कशाला हा शहाणा? कठड्याचे दोन स्क्रू सैल केले असते तर काका आपल्या पायानं मेला असता, आणि लोकांनी सुताराच्या नावानं खडे फोडले असते.’

लिहिताना त्या स्वतःशीच हसल्या होत्या.

त्या वर्षी चौकातला चष्मेवाला वाचनालयाचा सभासद झाला. साठीचा, मऊ आवाजाचा माणूस. दुकानात दिवसभर लोकांना दूरची अक्षरं वाचायला लावायचा. डोक्यावर केस औषधालाही नव्हता. आठवड्याला तीन पुस्तकं न्यायचा, तिन्ही खुनाची. कसं वाटलं विचारलं तर म्हणायचा, “बरं होतं.” एवढंच. बाईंना असल्या वाचकाचा राग यायचा. जेवून उठला आणि मीठ कमी होतं की जास्त हे सांगता येत नाही, असा माणूस.

मग एकदा त्यानं परत केलेलं एक पुस्तक शिवायला आलं. शिवणीत एक लांब पांढरा केस अडकला होता. पुस्तकांतून केस निघायचेच. बाईंनी तो ब्रशनं झटकला. नजर खिळली ती चिठ्ठीवर. बाईंनी खुन्याची जी चूक दाखवली होती, तिच्यापुढे पेन्सिलीनं एक बारीक बरोबरची खूण केलेली होती. बाई सुखावल्या. अखेर कोणीतरी शहाणा वाचक भेटला.

पुढच्या पुस्तकातही खूण होती. त्याच्या पुढच्यातही. भुताच्या चिठ्ठीला खूण नाही, हेराच्या चिठ्ठीला नाही. खून कसा लपवता आला असता हे जिथं लिहिलं होतं, तिथंच फक्त. आणि एके दिवशी चष्मेवाला मागच्या खोलीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, “बाई, ज्यात सगळ्यांना अपघातच वाटतो, असं काही आहे का?”

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी काढून दिलं.

त्याच आठवड्यात तो ग्रंथपालांशी बोलत होता ते बाईंनी दाराआडून ऐकलं. “मुलाकडे जाऊन राहीन म्हणतोय. घर विकायचंय. पण मोठी बहीण आहे ना वरच्या मजल्यावर. कंबर मोडल्यापासून अंथरुणात आहे. तिची वृद्धाश्रमात सोय लावतो म्हटलं, तर ती जागची हलायला तयार नाही.”

“मग हो?”

“बघू. निघेल काहीतरी मार्ग.”

संध्याकाळी बाईंनी काकाचं आणि पुतण्याचं पुस्तक कपाटातून शोधून काढलं. चिठ्ठीवर कठड्याच्या ओळीपुढे दोन खुणा होत्या.

बाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या अक्षरात होणार होतं. पोलिसांना काय सांगायचं? पेन्सिलीची खूण दाखवायची? आणि मूळ अक्कल कोणाची, असं त्यांनी विचारलं तर? पण खुनी ओळखण्यात बाई आजवर चुकल्या नव्हत्या. मऊ आवाज, साधा चेहरा, अडचणीची बहीण. हा तर दहाव्या पानावर कळला असता.

बुधवारी दुपारी, चष्मेवाला दुकानात असताना, त्या त्याच्या घरी गेल्या. दार लोटलेलं होतं. “वर या, कडी नाहीये,” वरून बाईमाणसाचा आवाज आला. लाकडी जिना उभा आणि अरुंद होता. बाई भिंतीला धरून चढल्या, कठड्याला बोटही लावलं नाही.

चष्मेवाल्याची ताई उशांना टेकून बसली होती. पांढरी लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, चेहरा गोड. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं: चिठ्ठ्या, खुणा, घराची विक्री, कठडा.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. “हे आणखी कोणाला सांगितलंत?”

“कोणालाच नाही. ताई, तुम्ही त्या जिन्यावर पाय ठेवू नका.”

“मी कुठे उतरते? तोच चढतो दिवसातून चार वेळा. दोन्ही हातांत ताट घेऊन, कोपर कठड्याला टेकवत.” ताई हसली. “त्याला पुस्तकाचं काय कळतंय? मी यादी देते, तो घेऊन येतो. तुमच्या चिठ्ठ्या मात्र वाचण्यासारख्या असतात हो.”

तिनं उशीखालून एक पुस्तक काढलं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. पानात पेन्सिल होती. बाईंना तो पांढरा केस आठवला. आपण तो स्वतःच्या हातानं झटकला होता.

उतरताना त्यांनी कठड्याला हलकेच हात लावला. वरच्या टोकाला तो पडणाऱ्या दातासारखा हलला. पलंगाच्या पायथ्याशी, अंथरुणात पडून असलेल्या ताईच्या, झिजलेल्या चपला होत्या, आणि त्यांच्या तळांना लाकडाचा भुसा लागला होता. तो बाईंना निघताना दिसला होता. बघितल्याचं त्यांनी दाखवलं नव्हतं.

त्या तडक दुकानात गेल्या. चष्मेवाल्यानं ऐकलं आणि इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “माझी ताई? बाई, तिला कूस बदलायला माणूस लागतं. तुम्ही फार वाचता.”

“कठडा हलतोय. मी हात लावून बघितलाय.”

“जुनाच आहे तो. सोमवारी सुताराला बोलावतो, मग तर झालं?”

“आज बोलवा.”

“आज गिऱ्हाईक आहे,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि एका मुलीला दूरची अक्षरं वाचायला लावली.

शनिवारी दुकान बंद होतं. ग्रंथपालांनी सांगितलं, जिन्यावरून पडला, जागच्या जागी गेला. बहिणीचं आता कसं व्हायचं? सगळी गल्ली कठडा बसवणाऱ्या सुताराला शिव्या देत होती.

बाईंनी आठवडाभर एकही चिठ्ठी लिहिली नाही. जुन्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून एकेक सोलून काढल्या. पोलीसचौकीच्या दारापर्यंत जाऊन आल्या. चौकीत त्यांना काय विचारतील ते त्यांना पाठ होतं, आणि उत्तर आपल्याच अक्षरात आहे हेही.

त्यानंतरच्या बुधवारी खिडकीशी काठीचा आवाज आला. ताई उभी होती. काठी हातात होती, पण तिचा भार काठीवर नव्हता. भावानं शेवटी पुन्हा नेलेलं काका-पुतण्याचं पुस्तक तिनं बाईंच्या समोर ठेवलं.

“आता माझ्याच नावानं सभासद व्हायचंय,” ती म्हणाली. “पुस्तक आणून देणारं कोणी उरलं नाही.” मग तिनं खिडकीत ठेवलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडला. चिठ्ठीच्या जागी नुसता डिंकाचा डाग होता. तिला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. “अहो, काढलीत का? तुम्ही लिहीत राहा. मी तर त्यासाठीच वाचते.”

बाईंनी अर्ज आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

ताईनं अर्ज भरला, सावकाश, वळणदार अक्षरात. पेन्सिल परत देताना तिनं आपुलकीनं विचारलं, “तुम्ही एकट्याच राहता ना? कितव्या मजल्यावर?”