जायफळ घातलेली कॉफी

अबीर, सई, फोनवर तुम्ही रोज विचारता, "आजोबा बोलतात का?" म्हणून आज लिहिते आहे. जिवलग मित्र गेल्यापासून ते गप्प होते. चहासुद्धा समोर निवून जायचा. तुम्ही पाठवलेलं कॉफीचं पाकीट त्यांनी गेल्या आठवड्यात उघडलं. आता रोज सकाळी स्वतः बिया दळतात, गाळणीतल्या पुडीवर गरम पाण्याची धार गोल फिरवत सोडतात आणि वर आपल्या रीतीनं जायफळ किसतात.

"अहो, यात जायफळ नाही घालत," मी म्हटलं.

"त्यांना सुचलं नसेल. तू पी आधी!"

सत्तरी उलटल्यावर नवी आवड लावून घ्यायलाही धीर लागतो, असं त्यांचा तल्लीन चेहरा बघताना वाटलं. कॉफी खरंच सुरेख होती. कप रिकामा होताच त्यांनी न विचारता पुन्हा भरला. आग्रह करण्याची त्यांची हौस अजून शाबूत आहे.